समोर समुद्र, नावावर बँक

तुमच्या ग्रुपमधलं कुणीतरी सध्या अमेरिकेत एमएस करत असणार. डॅलस, ह्यूस्टन, टेम्पी, कुठेतरी. आणि स्प्रिंग ब्रेकमध्ये त्याची किंवा तिची कानकुनची स्टोरी तुम्ही पाहिली असणार. निळंशार पाणी, पांढरी वाळू, मागे कसलातरी भारी बीट. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असला, की भारतीयांना मेक्सिकोत फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. त्यामुळे आपल्या पोरापोरींसाठी कानकुन म्हणजे जवळपास आपल्या अलिबाग-गोव्यासारखी ट्रिप झालीये. चार जणांनी पैसे काढायचे आणि सुटायचं.

त्या स्टोरीच्या खालोखाल अल्गोरिदम तुम्हाला काय दाखवतो? ‘तुलुममध्ये स्वतःचा बीचफ्रंट प्लॉट! हप्त्यांची सोय! एअरबीएनबीतून कमाई!’ मग झाडांवरून उडत जाणारा ड्रोन, मॅक्रमेचे झोपाळे आणि शेवटी एक लिंक. तुम्ही हसून पुढे जाता. पण तो डॅलसवाला, ज्याला आता नोकरी लागलीये आणि पहिल्यांदाच खात्यात डॉलर साचतायत, तो कदाचित थांबतो. थांबणारे खरंच बरेच आहेत. मुख्यतः अमेरिकी आणि कॅनडावाले, पण भारतीय आडनावंही त्यात आता नवी नाहीत.

तर प्रश्न साधा आहे. मेक्सिकोचा नागरिक नसलेला माणूस तिथे समुद्राला लागून जमीन घेऊ शकतो का? उत्तर ‘हो’ही आहे आणि ‘नाही’ही. या दोन्हींच्या मधे एका देशाचा दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास बसलाय. तो कळला की ती रील जरा वेगळी दिसायला लागते.

पन्नास किलोमीटरची भीती

मेक्सिकोची राज्यघटना १९१७ ची. तिच्या २७ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की देशाच्या सरहद्दीपासून १०० किलोमीटर आणि समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटर पट्ट्यातल्या जमिनीची थेट मालकी कुठल्याही परिस्थितीत परदेशी माणसाला मिळणार नाही. पन्नास किलोमीटर म्हणजे किती? मुंबईच्या किनाऱ्यावरून निघालात तर साधारण कल्याण येईपर्यंत. म्हणजे कानकुन, तुलुम, काबो, पुएर्तो व्हायार्ता, अकापुल्को, जिथे जिथे तुम्हाला जमीन घ्यावीशी वाटेल ते सगळं त्या पट्ट्यात. बाहा कॅलिफोर्नियाचं लांबोडकं द्वीपकल्प तर बरंचसं त्यातच मोडतं. या पट्ट्याला आधी नावच होतं ‘निषिद्ध क्षेत्र’. नंतर ते जरा मवाळ करून ‘प्रतिबंधित क्षेत्र’ केलं.

हे वाचून ‘किती मागासलेला कायदा’ असं वाटत असेल तर थांबा. १८२० च्या दशकात मेक्सिकोनं आपल्या उत्तरेकडच्या ओसाड प्रांतात अमेरिकी वसाहतवाल्यांना जमिनी देऊन बोलावलं. या, शेती करा, राहा. त्या प्रांताचं नाव टेक्सास. १८३६ मध्ये त्याच पाहुण्यांनी टेक्सास स्वतंत्र जाहीर केलं, १८४५ मध्ये ते अमेरिकेत सामील झालं, त्यावरून युद्ध पेटलं आणि १८४८ च्या तहात मेक्सिकोला आणखी मुलूख सोडावा लागला. आजचं कॅलिफोर्निया, नेवाडा, यूटा आणि अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिकोचा बराच भाग. टेक्सास धरून हिशेब केला तर निम्म्याच्या वर देश गेला. तुमचा मित्र आज ज्या डॅलसमध्ये बसून मेक्सिकोतला प्लॉट बघतोय ते डॅलससुद्धा एकेकाळी मेक्सिकोच होतं.

बरं, एवढ्यावर संपलं नाही. १८६२ मध्ये फ्रान्सनं थकलेल्या कर्जाचं निमित्त करून फौज उतरवली आणि ऑस्ट्रियाचा एक राजपुत्र आणून सम्राट म्हणून बसवला. १९१४ मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी वेराक्रूझ बंदर ताब्यात घेतलं आणि कित्येक महिने सोडलं नाही. हे सगळे किनाऱ्यावरून किंवा सरहद्दीवरून आले होते. त्यानंतर तीनच वर्षांनी लिहिलेल्या घटनेत ‘किनारा आणि सरहद्द परक्याच्या हातात नको’ असं आलं तर त्यात नवल ते काय? आपल्याकडे वखार टाकायला आलेल्यांनी पुढे काय केलं ते आपण शाळेत वाचलंच आहे. ही भीती आपल्याला समजावून सांगावी लागू नये.

मग तरीही लोक घेतात कसे?

इथे खरी गंमत आहे. घटना एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला सरकारलाच हवे असलेले डॉलर.

१९६० च्या दशकाच्या शेवटी मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेतल्या मंडळींनी ठरवलं, की पर्यटनातून परकीय चलन आणायचं. किनारे तपासले, आकडेमोड केली, आणि निवडलेल्या जागांमध्ये युकातान द्वीपकल्पाच्या टोकाला असलेली वाळूची एक निमुळती पट्टी होती. वस्ती जवळपास नाहीच. तेच आजचं कानकुन. म्हणजे तुम्हाला जो ‘नैसर्गिक स्वर्ग’ वाटतो तो बँकवाल्यांनी कागदावर आखलेला प्रकल्प आहे. पहिली हॉटेलं १९७० च्या दशकात उघडली.

आता पर्यटक आले की त्यातल्या काहींना घर हवं असतं. घटना तर बदलायची नाही. मग वाट काढली ती ‘फिदेइकोमिसो’ची. शब्द अवघड आहे, कल्पना सोपी आहे. फिदेइकोमिसो म्हणजे बँकेतला ट्रस्ट. जमीन विकणारा ती तुमच्या नावावर न करता एका मेक्सिकन बँकेच्या नावावर करतो. बँक कागदावर मालक. तुम्ही लाभार्थी. परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी घ्यावी लागते, कारण मामला परदेशी माणसाचा आहे. १९७० च्या दशकात हा ट्रस्ट ३० वर्षांचा असायचा, १९९३ च्या परकीय गुंतवणूक कायद्यानं तो ५० वर्षांचा केला आणि पुढे नूतनीकरणाचीही सोय ठेवली.

बँक मालक म्हटल्यावर पोटात गोळा येतो, पण ही व्यवस्था वाटते तितकी कच्ची नाही. तुम्ही तिथे राहू शकता, भाड्यानं देऊ शकता, विकू शकता, बांधकाम करू शकता, आपल्या पश्चात कुणाला मिळावं ते आधीच करारात लिहून ठेवू शकता. बँक बुडाली तरी ही जमीन बँकेच्या मालमत्तेत धरली जात नाही, ट्रस्ट दुसऱ्या बँकेकडे जातो. बदल्यात बँकेला दरवर्षी फी द्यायची, साधारण काही शे डॉलर. सुरुवातीला ट्रस्ट उभा करण्याचा खर्च वेगळा, खरेदीवरचा कर वेगळा, नोंदणी वेगळी. रीलमध्ये यातलं काहीच सांगत नाहीत.

२०१३ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहानं घरापुरती ही अट काढून टाकायची घटनादुरुस्ती मंजूरही केली होती. म्हणजे परदेशी माणसाला किनाऱ्यावरचं घर थेट नावावर. पण वरच्या सभागृहात ती पुढे सरकलीच नाही. डॉलर हवेत, पण टेक्सासही आठवतं, असा हा घोळ.

आणखी एक अट आहे, माझ्या मते सगळ्यात बोलकी. मेक्सिकोत जमिनीचा हक्क घेणाऱ्या परदेशी माणसाला परराष्ट्र मंत्रालयाला लिहून द्यावं लागतं, की या मालमत्तेपुरतं मी स्वतःला मेक्सिकन समजेन आणि काही वाद झाला तर माझ्या देशाच्या सरकारला मधे आणणार नाही. आणलं तर मालमत्ता मेक्सिकोच्या राष्ट्राकडे जमा. याला काल्व्हो कलम म्हणतात, कार्लोस काल्व्हो या एकोणिसाव्या शतकातल्या अर्जेंटिनाच्या कायदेपंडिताच्या नावावरून. त्या काळी युरोपी सावकाराचे पैसे बुडाले की त्याच्या देशाची युद्धनौका बंदरात येऊन उभी राहायची. काल्व्होचं म्हणणं असं, की इथे धंदा करायचा तर इथल्या कोर्टात भांडा. अमेरिकी माणूससुद्धा सही करतो. त्याच्या दूतावासाला फोन लावून उपयोग नाही.

वहिनीच्या नावावर करूया?

‘एवढी भानगड कशाला? तिथल्या कुणाच्यातरी नावावर घेऊन टाकू ना!’ हा सल्ला तुम्हाला पहिल्या तासाभरात मिळेल. आपल्याकडेही मिळतो. मेक्सिकोत अशा माणसाला ‘प्रेस्तानोंब्रे’ म्हणतात, शब्दशः नाव उसनं देणारा. आपला ‘बेनामी’ शब्द तिथल्या लोकांना लगेच कळला असता. कायद्याच्या नजरेत जमीन त्या नाववाल्याचीच. तो उद्या वारला, त्याचा घटस्फोट झाला, त्यानं कर्ज काढलं किंवा नुसतं तोंड फिरवलं, तर तुमच्या हातात काय? कायदा चुकवण्यासाठी हे केलंत म्हटल्यावर कोर्टात जाऊन सांगणार तरी काय? यावर जास्त शब्द घालवत नाही. करू नका, बस.

जमीन नक्की कुणाची?

त्याहून खोल पाणी पुढे आहे. तुम्ही ज्या स्वस्त प्लॉटवर भाळलात ना, तो बहुधा ‘एहीदो’ असतो.

एहीदो म्हणजे गावाची सामूहिक शेतजमीन. १९१० ची मेक्सिकन क्रांती मुळात जमिनीसाठीच पेटली. मोठमोठ्या हवेल्यांचे मालक एका बाजूला, भूमिहीन शेतकरी दुसऱ्या बाजूला. एमिलियानो झापाता, ज्याच्या मिशा आणि सोंब्रेरो तुम्ही टी-शर्टवर पाहिल्या असतील, तो जमीन मागणाऱ्या शेतकऱ्यांचाच नेता. क्रांतीनंतर मोठ्या जमीनदाऱ्या फोडून गावांना जमिनी दिल्या गेल्या. १९३४ ते १९४० या काळात अध्यक्ष असलेल्या लाझारो कार्देनासनं तर जवळजवळ १.८ कोटी हेक्टर वाटल्या. अट एकच होती. कसायची, खायची, पोराबाळांना द्यायची, पण विकायची नाही. आजही मेक्सिकोची निम्म्याच्या आसपास जमीन एहीदो आणि तशाच सामूहिक मालकीची आहे.

१९९२ मध्ये घटनादुरुस्ती झाली. नवीन जमीनवाटप बंद झालं आणि गावाला वाटलं तर आपल्यातल्या वाट्याची जमीन खासगी करता येईल, असं दार उघडलं. पण त्या दाराला बऱ्याच कड्या आहेत. गावसभेनं रीतसर ठराव करायचा, राष्ट्रीय कृषी नोंदणी कार्यालयात तो नोंदवायचा, मग पूर्ण मालकीचं पत्र निघतं, मग ते सार्वजनिक मालमत्ता नोंदणीत चढतं. पहिल्यांदा विकताना घरच्यांना, त्या जमिनीवर राबलेल्यांना, गावातल्या इतरांना आधी विचारायचं. हे सगळं झालं, की ती जमीन तुमच्या ट्रस्टमध्ये येऊ शकते. त्याआधी नाही.

आणि विकली जाते ती त्याआधीच. हातात काय देतात? ताबापत्र. हक्क सोडल्याचा साधा कागद. गावच्या प्रमुखाचा शिक्का. स्पॅनिशमध्ये, छान रंगीत. आपल्याकडे सातबारावर नाव न चढवता नुसत्या साठेखतावर जमीन घेणारे असतात ना, त्यातलाच प्रकार, फक्त समुद्र जास्त निळा. एजंट सांगतो, ‘सहा महिन्यांत पक्कं होईल.’ त्या सहा महिन्यांना वर्षं लागतात. कधीकधी ते होतच नाही.

यात वाईट कोण, असं विचाराल तर उत्तर सोपं नाही. किनाऱ्यालगतची खारी, वाळूची जमीन शेतीला फारशी कामाची नव्हती. माया वंशाच्या एखाद्या कुटुंबाला ती मिळाली आणि पन्नास वर्षांनी अचानक तिच्यासाठी डॉलर घेऊन लोक दारात उभे राहिले. त्यानं विकली तर दोष द्यायचा? पण त्याला मिळतं ते थोडं, आणि चार हात फिरून तुमच्यापर्यंत येताना तीच जमीन कितीतरी पट महाग झालेली असते. मधले कमावतात. मग त्याच कुटुंबातली मुलं हॉटेलात टॉवेल घडी करायला जातात, राहतात मात्र किनाऱ्यापासून लांब, आतल्या वस्तीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाचकांना हे मी काय सांगू!

आता एक खरी घडलेली गोष्ट. बाहा कॅलिफोर्नियात एन्सेनादा शहराजवळ पुंता बांदा नावाचं एक निमुळतं टोक समुद्रात गेलंय. (आपल्या सावंतवाडीजवळच्या बांद्याशी काही संबंध नाही.) तिथे शेकडो अमेरिकी लोकांनी, बहुतेक निवृत्त झालेल्यांनी, समुद्राला लागून घरं बांधली. आयुष्याची पुंजी घातली. जमीन एका एहीदोकडून डेव्हलपरकडे आणि डेव्हलपरकडून यांच्याकडे आली होती. पण मुळात ती एहीदोला देण्यातच सरकारनं चूक केली होती, तिचे आधीचे मालक वेगळेच होते. ते कोर्टात गेले. खटला वर्षानुवर्षं चालला, थेट मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, आणि जुने मालक जिंकले. ऑक्टोबर २००० मध्ये पोलीस आले आणि घरं रिकामी करायला लावली. घरं ज्यांनी बांधली त्यांनी कुणालाही फसवलं नव्हतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं नव्हतं, की आपल्याला विकणाऱ्याला ही जमीन कुणी दिली, आणि देणाऱ्याला कुणी.

तुलुमलाही हेच. जून २०१६ मध्ये तिथल्या किनाऱ्यावरची कित्येक हॉटेलं जमिनीच्या मालकीच्या वादातून पोलीस बंदोबस्तात रिकामी केली गेली. पर्यटकांना बॅगा उचलून बाहेर पडावं लागलं. इन्स्टाग्रामवरचं तुलुम आणि कोर्टातलं तुलुम, दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत.

मोठं नाव, मोठा खड्डा

‘आपण ब्रँडेड प्रोजेक्टमध्येच घेऊ, मग टेन्शन नाही.’ बरं, ब्रँड कुठला? २००६ मध्ये तिहुआनाच्या दक्षिणेला समुद्रकिनारी ‘ट्रम्प ओशन रिसॉर्ट बाहा’ जाहीर झालं. होय, तेच ट्रम्प. जाहिरातीत नाव आणि चेहरा ठळक. बहुतांशी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ग्राहकांनी बांधकाम सुरू होण्याआधीच लाखो डॉलरच्या अनामत रकमा भरल्या, मिळून तीन कोटींहून अधिक डॉलर. २००९ उजाडता उजाडता प्रकल्प कोसळला. किनाऱ्यावर राहिला एक खणलेला खड्डा. पैसे खर्च झाले, असं ग्राहकांना सांगण्यात आलं. तेव्हा कळलं, की ट्रम्प हे बांधणारे नव्हतेच, त्यांनी फक्त नाव वापरायला दिलं होतं. ग्राहक कोर्टात गेले, २०१३ मध्ये ट्रम्प यांच्याशी तडजोड झाली.

म्हणून ब्रोशरवर कुणाचा फोटो आहे ते सोडा, करारावर कुणाची सही आहे ते बघा. हे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटलाही लागू आहे.

प्लॉटला लागून असलेली वाळू

समजा सगळं नीट झालं. खासगी जमीन, पक्का ट्रस्ट, स्वच्छ कागद. आता बीच तर आपलाच ना?

अजिबात नाही. मेक्सिकोत किनारा राष्ट्राचा. भरतीची सगळ्यात वरची रेषा जिथे असते तिथून आत जमिनीवर २० मीटरचा पट्टा केंद्र सरकारचा. तो विकत मिळत नाही. वापरायचा तर परवाना घ्यायचा, त्याची मुदत असते, दरवर्षी पैसे भरायचे. मंजुरीशिवाय त्यावर पक्कं बांधकाम ठोकायचं नाही. म्हणजे जाहिरातीतला ‘बीचफ्रंट’ प्लॉट खरं तर किनाऱ्यापासून वीस मीटर मागे सुरू होतो. जो झोपाळा फोटोत पाण्याला टेकलेला दिसतो तो बहुधा सरकारच्या जागेत लटकतोय.

पण समुद्र काही जागच्या जागी राहत नाही. पाणी आत आलं, की भरतीची रेषा आत सरकते. रेषा सरकली की तिच्या मागचा वीस मीटरचा पट्टाही सरकतो. आणि तो तुमच्या खासगी जमिनीत घुसला तर तेवढी जमीन खासगी राहत नाही, सरकारी होते. कायद्यानं तुम्हाला एवढीच सवलत, की त्या तुकड्याच्या परवान्यासाठी तुमचा नंबर पहिला. कालपर्यंत ज्याचे तुम्ही लाभार्थी होतात, त्याचेच आज परवानाधारक!

हे काही पुस्तकी नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये विल्मा चक्रीवादळ कानकुनवर येऊन जणू मुक्कामालाच बसलं. गेलं तेव्हा किनाऱ्याची वाळू नाहीशी झाली होती. हॉटेलांसमोर खडक उघडे पडले. नंतर समुद्रातून वाळू उपसून ती परत पसरावी लागली. तुमच्या मित्राच्या स्टोरीतली वाळू थोडीफार पंपानं आणलेली आहे. पॅसिफिकच्या बाजूला ऑक्टोबर २०२३ मध्ये ओटिस वादळ एका दिवसाच्या आत साध्या वादळाचं सर्वोच्च श्रेणीचं चक्रीवादळ झालं आणि अकापुल्कोवर आदळलं. उंच इमारतींचे फक्त सांगाडे उरले. शिवाय गेली दहाएक वर्षं कॅरिबियन बाजूला दरवर्षी सार्गासमचे, म्हणजे तपकिरी समुद्री शेवाळाचे, ढीगच्या ढीग येऊन पडतात आणि कुजतात. वास काय असतो ते रीलमध्ये येत नाही.

आणि खारफुटी असेल प्लॉटवर तर विषयच संपला. ती तोडायला मेक्सिकोत २००७ पासून कडक बंदी आहे. तरी तोडतात. जानेवारी २०१६ मध्ये कानकुनच्या ताहामार भागात रातोरात यंत्रं घालून खारफुटी साफ केली गेली, आणि तो प्रकल्प खुद्द सरकारी पर्यटन संस्थेचा होता. त्याविरुद्ध शहरातल्या शंभराहून अधिक शाळकरी मुलांच्या नावानं कोर्टात अर्ज गेला होता. निरोगी पर्यावरण हा आमचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. कोर्टानं काम थांबवलं. ती मुलं आता तुमच्याच वयाची असतील.

पैसे आणि कागद, झटपट

तुम्ही भारतात राहत असाल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात आणि त्यात परदेशातली मालमत्ताही बसते. नंतर ती आयकर विवरणात दाखवावी लागते. डॅलसवाल्यानं तिथल्याच पगारातून घेतली तर हिशेब वेगळा.

तिथे व्यवहार होतो ‘नोतारियो’समोर. नाव ऐकून कोर्टाबाहेर छत्रीखाली शिक्के मारणारा नोटरी डोळ्यांसमोर आणू नका. मेक्सिकोतला नोतारियो म्हणजे वरिष्ठ वकील, राज्य सरकारनं नेमलेला. खरेदीखत तोच करतो, बोजा आहे का ते तपासतो, कर कापून घेतो. त्याच्याशिवाय व्यवहार नाही. पण तो दोघांचा असतो, तुमचा नाही, त्यामुळे आपला वेगळा वकील हवाच. विकणाऱ्यानं सुचवलेला नको. एजंटांसाठी तर देशभर सक्तीचा असा एकच परवानाही नाही. काल सर्फिंग शिकवणारा आज ‘रिअल इस्टेट कन्सल्टंट’ असू शकतो.

आणि हे सगळं वाचून ‘मेक्सिकोवाले जरा जास्तच करतात’ असं वाटत असेल तर गोव्याकडे बघा. भारतात न राहणाऱ्या, भारतीय मूळ नसलेल्या परदेशी माणसाला आपण घरसुद्धा विकत घेऊ देत नाही, ट्रस्टबिस्ट दूरच. टुरिस्ट व्हिसावर येऊन गोव्यात किनाऱ्याजवळ घरं घेतलेल्या रशियन आणि ब्रिटिश लोकांमागे ईडीची चौकशी लागली होती. त्यांनाही कुणीतरी ‘होऊन जातं सर, डोन्ट वरी’ असंच सांगितलं असणार. आपल्या गोव्याचं काय होणार म्हणून आपण चिडतो, आणि तुलुमचा प्लॉट बघताना तिकडचा चिडलेला माणूस आपल्याला दिसत नाही.

तो चिडतो कसा, तेही बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये प्लाया देल कार्मेन इथे एका बीच क्लबसमोर एक जोडपं वाळूवर बसलं होतं. क्लबमधून काही विकत न घेता, नुसतं बसलं होतं. क्लबवाल्यांनी उठायला सांगितलं, ते उठले नाहीत, तर पोलीस बोलावून त्यांना उचललं. व्हिडिओ देशभर फिरला. त्यानंतर गावातल्या लोकांनी मोर्चा काढला नाही. टॉवेल, छत्र्या, घरचे डबे आणि पोरंबाळं घेऊन ते त्याच क्लबच्या समोर वाळूवर येऊन जेवायला बसले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा बदलला. किनाऱ्यावर जायला कुणी अडवलं तर दहा लाख पेसोंच्याही पुढे जाऊ शकणारा दंड आणि परवाना रद्द होण्याची पाळी.

तेव्हा पुढच्या ट्रिपला तुमच्या मित्राला कुणी गार्ड ‘हा प्रायव्हेट बीच आहे’ म्हणाला, तर त्यानं पाण्याच्या बाजूच्या वीस मीटरमध्ये टॉवेल अंथरावा आणि खुशाल बसावं. त्यासाठी प्लॉट लागत नाही.